कोरस पेडल निवडताना: कमी डेप्थवर काय ऐकू येतं ते बघा

कोरस पेडलाचा, म्हणजे एकाच गिटारला दोन गिटारींसारखा भरदारपणा देणाऱ्या पायाने दाबायच्या खोक्याचा, कुठलाही व्हिडिओ उघडा. वाजवणारा स्वच्छ आवाजावर कॉर्डची एकेक तार सुटी छेडतोय, रेट (आवाज किती वेगाने हलतो) आणि डेप्थ (किती हलतो) हे दोन्ही नॉब अर्ध्याच्या पुढे, डावी-उजवीकडे दोन अँप आणि वरून रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. ऐकणारा विरघळतो. असं विरघळून घेतलेलं पेडल बँडमध्ये गेलं की पहिल्या दोन-चार तालमींतच डेप्थ खाली येते, मग आणखी खाली, आणि शेवटी पेडल बोर्डावर नुसती जागा अडवून बसतं. दर वेळी दोष पेडलाचाच असतो असं नाही. पारख भलत्या ठिकाणी झालेली असते. कोरस बहुतेक वेळा थोडासाच वापरला जातो, म्हणून तो निवडायचाही तिथेच: नॉब खाली असताना तो काय करतो, हे ऐकून.

आत काय चालतं

हा भाग टाळून थेट मॉडेलांच्या नावांकडे जावंसं वाटेल. पण दहा मिनिटं इथे दिली तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

गिटारचा सिग्नल पेडलात शिरला की त्याला दोन वाटा फुटतात. एक सरळ पुढे जाते, तिला ड्राय म्हणतात. दुसरी काही मिलिसेकंद उशिरा पोचते, ती वेट. हा उशीर साधारण ५ ते ३० मिलिसेकंदांच्या घरात असतो, म्हणजे वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येण्याइतका मोठा नाही. उशीर स्थिर असेल तर आवाज थोडा पोकळ होतो, एवढंच. खरी गंमत पुढे आहे. एलएफओ नावाची एक मंद लहर हा उशीर सतत कमी-जास्त करत राहते. उशीर वाढत असताना वेटचा सूर किंचित उतरतो, कमी होत असताना किंचित चढतो. स्थिर सूर आणि हा हलणारा सूर एकत्र आले की कान त्यांना दोन वाद्यं समजतो. बारा तारांच्या गिटारच्या जोडतारा कधीच शंभर टक्के एकसुरात नसतात आणि त्यातूनच तिला भरदारपणा येतो, त्याच जातीचा हा परिणाम.

आता थोडा हिशेब. समजा उशीर मधल्या बिंदूपासून १ मिलिसेकंद वर आणि १ मिलिसेकंद खाली हलतोय, लहर त्रिकोणी आहे आणि रेट १ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक फेरी. मग अर्ध्या सेकंदात उशीर २ मिलिसेकंदांनी बदलतो. त्यामुळे सूर ०.४ टक्के हलतो, म्हणजे जवळपास ७ सेंट. (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर.) डेप्थला हातही न लावता रेट दुप्पट केला की तोच सूर १४ सेंटांनी हलायला लागतो. सात सेंटांवर आवाज जाड आणि गोड लागतो. चौदावर सुटे सूर अजून चालून जातात, पण पूर्ण कॉर्ड वाजवली की गिटार उतरलीय की काय अशी शंका यायला लागते.

म्हणजे रेट आणि डेप्थ हे दोन स्वतंत्र नॉब दिसत असले तरी कानाला ते एकमेकांत अडकलेले आहेत. रेट वर नेला तर डेप्थ खाली आणावी लागते आणि उलटही. काही सर्किटं हे थोडंफार आपोआप सांभाळतात, बरीचशी सांभाळत नाहीत. «या पेडलाचा कोरस फार बेसूर आहे» अशी तक्रार ऐकली की माझा पहिला संशय या जोडीवर जातो.

याच कुटुंबात आणखी दोन भावंडं आहेत. ड्राय काढून टाकला आणि फक्त हलणारा वेट ठेवला की होतो व्हायब्राटो. उशीर आणखी कमी करून वेटचा काही भाग परत आत फिरवला की होतो फ्लँजर, ते विमान डोक्यावरून गेल्यासारखं काहीतरी. काही पेडलांत हे तिन्ही आवाज एकाच खोक्यात मिळतात, त्यामागचं कारण हेच.

पेडल शोधण्याआधी ठरवायच्या गोष्टी

पहिली: कोरस स्वच्छ आवाजावर लागणार की डिस्टॉर्शनवर, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजावर? स्वच्छ आवाजावर जवळपास कुठलंही बरं पेडल खुलतं. डिस्टॉर्शननंतर लावायचा असेल तर निवड अवघड होते. डिस्टॉर्शनमुळे सिग्नलमध्ये वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे उंच उपसूर, भरपूर वाढलेले असतात आणि कोरसची हालचाल त्या सगळ्यांवर उठून दिसते. स्वच्छ आवाजावर जी डेप्थ मोजकी वाटते, तीच इथे समुद्राच्या लाटा काढते. त्यामुळे हेवी वाजवणाऱ्याला वेटचं प्रमाण कमी करता येणारं पेडल हवंच. हा सूक्ष्म वापर म्हणजे काय, हे हेवी मेटलचा गिटारवादक झॅक वाइल्डच्या गिटारीत ऐकू येतं. तिथे कोरस डगमग करत नाही, डिस्टॉर्शनची भिंत रुंद करतो. एमएक्सआरने त्याच्या नावाचं ब्लॅक लेबल कोरस काढलेलं आहे.

दुसरी: तुमचं बाकीचं सगळं मोनो आहे की स्टिरिओ? एक अँप, एक केबल असेल तर स्टिरिओ आउटपुटसाठी जास्तीचे पैसे घालवण्यात अर्थ नाही. «पुढेमागे दुसरा अँप घेईन» हे वाक्य बोर्डावरच्या बऱ्याच न वापरलेल्या जॅकांमागे असतं.

तिसरी: हवंय काय? जाडी, डगमग की फिरणाऱ्या स्पीकरसारखी थरथर? या तीन वेगळ्या गरजा आहेत आणि तिन्ही सारख्याच चांगल्या करणारं पेडल क्वचित मिळतं. ज्या वाजवण्यासाठी कोरस हवा आहे, ते वाजवणं डोळ्यांसमोर ठेवा. तुमच्याकडे मल्टिइफेक्ट किंवा संगणकावर गिटारचं सॉफ्टवेअर असेल तर आधी त्यातला कोरस काही दिवस वापरा आणि कुठल्या गाण्यात तो चालू केला, रेट-डेप्थ कुठे राहिली, हे कागदावर लिहून ठेवा. यादीत रेट कायम खाली दिसला तर वेगाने थरथरण्याची सोय असलेल्या पेडलामागे जाऊ नका. यादी रिकामी राहिली तर पैसे वाचले.

घराणी

बाजारात नावं शेकडो आहेत, पण आवाजाची घराणी मोजकी.

सुरुवात रोलँडच्या जेसी-१२० जॅझ कोरस या अँपपासून होते. १९७५ च्या या अँपमध्ये दोन स्पीकर आहेत आणि कोरस लावला की एकातून ड्राय, दुसऱ्यातून वेट येतो. दोन्ही आवाज सर्किटमध्ये मिसळतच नाहीत, ते खोलीतल्या हवेत मिसळतात. हेच सर्किट १९७६ मध्ये सीई-१ कोरस आन्साम्बल या नावाने पेडलात आलं आणि ते बॉसचं पहिलं पेडल ठरलं. आकाराने मोठं, भिंतीतल्या विजेवर चालणारं. कोरसला एकच इंटेन्सिटी नॉब, व्हायब्राटोला वेगळे रेट आणि डेप्थ. त्याच्या प्रीअँपचा, म्हणजे आलेला सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाचा, स्वतःचा असा एक रंग आहे, आणि सीई-१ वर प्रेम करणारे बरेचदा कोरसइतकंच त्या प्रीअँपवर प्रेम करत असतात. रेड हॉट चिली पेपर्सचा गिटारवादक जॉन फ्रुशांटेमुळे हे पेडल नव्या पिढीलाही माहीत झालं.

१९७९ मध्ये बॉसने सीई-२ आणलं: छोटं, मोनो, दोनच नॉब. आज «ॲनालॉग कोरस» म्हटल्यावर बहुतेकांच्या कानात जो आवाज येतो तो याचा. उबदार, वरचा ट्रेबल थोडा मऊ झालेला. बाजारातली कितीतरी पेडलं या सर्किटाची भावंडं आहेत. २०१६ मध्ये आलेल्या सीई-२डब्ल्यूमध्ये सीई-२ आणि सीई-१ दोन्हींचे आवाज एकत्र मिळतात आणि स्टिरिओ आउटपुटही आहे. त्याच कंपनीचं सीएच-१ सुपर कोरस मात्र वेगळ्या स्वभावाचं, जास्त चकचकीत. त्यात वेटचं प्रमाण आणि टोन जुळवायला स्वतंत्र नॉब आहेत. सीई-२ हवं असताना सीएच-१ घेणारे, किंवा उलट करणारे, दोघेही «बॉसचा कोरस आवडला नाही» असं सांगत फिरतात.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं स्मॉल क्लोन हे दुसरं घराणं. एक रेट नॉब, डेप्थसाठी फक्त वर-खाली होणारा स्विच, बस. आवाज दाट, ओला, जरा आजारी म्हणावा असा. निर्वाणा या बँडच्या १९९१ सालच्या «कम ॲज यू आर» मधला पाण्याखालून आल्यासारखा गिटारचा आवाज याच पेडलाचा. हा आवाज हवा असेल तर दुसरं काही शोधू नका. पण मिक्स नॉब नसल्यामुळे «थोडासाच कोरस» हे काम त्याच्याकडून करून घेता येत नाही. स्विच खाली असला तरी पेडल आपली हजेरी लावतंच.

डिमेन्शन हे तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित घराणं. १९७९ च्या रोलँड डिमेन्शन डी या स्टुडिओच्या यंत्रावरून १९८५ मध्ये बॉसने डीसी-२ डिमेन्शन सी काढलं. त्यावर रेट नाही, डेप्थ नाही, फक्त चार बटणं. आत दोन वेट वाटा असतात आणि त्या एकमेकींच्या उलट हलतात. एकीचा सूर चढत असताना दुसरीचा उतरतो. त्यामुळे डगमग कानाला जवळपास जाणवत नाही, फक्त रुंदी उरते. कोरस आवडत नाही म्हणणाऱ्यांना हे आवडतं, असा अनुभव आहे. मात्र स्टिरिओत ऐकलं तरच त्याची पूर्ण किंमत कळते.

चौथं ट्राय-कोरसचं: तीन वेट वाटा, तिघींच्या लहरी वेगवेगळ्या. ऐंशीच्या दशकातल्या झुळझुळीत, महागड्या स्टुडिओ आवाजाची आठवण यातूनच येते. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या कोरोना पेडलात साध्या कोरसच्या जोडीला हा मोडही आहे.

आणि एक सावधगिरी: युनि-व्हाइबवर आधारलेल्या पेडलांवर «कोरस» असं लिहिलेला स्विच असतो. तो फसवा आहे. आतलं सर्किट फेज शिफ्टरचं आहे, तिथे उशीर वापरलेलाच नाही. आवाज सुंदर, पण तुम्ही शोधताय तो नव्हे.

नॉब किती हवेत

रेट आणि डेप्थ बहुतेक पेडलांवर असतातच. खरा प्रश्न तिसऱ्या नॉबचा, ज्यावर मिक्स, लेव्हल, इफेक्ट लेव्हल असं काहीही लिहिलेलं असू शकतं. तो वेट किती मिसळायचा हे ठरवतो. पहिलंच कोरस पेडल घेणाऱ्याला मी हा नॉब असलेलंच घ्यायला सांगतो. डेप्थ कमी केल्याने हालचाल कमी होते, पण वेटचं प्रमाण तेवढंच राहतं आणि आवाजातली ती पोकळी तशीच राहते. मिक्स कमी केला तर मूळ गिटारचा कणा परत येतो. दोन्ही वेगळी कामं आहेत. फक्त एक खात्री करून घ्या: काही पेडलांवर «लेव्हल» म्हणजे एकूण आवाजाची पातळी असते, वेटची नव्हे. नॉब शून्यावर नेऊन बघा. गिटार कोरी ऐकू आली तर तो मिक्स, गिटारच गायब झाली तर एकूण पातळी.

टोनचे नॉब बोनस समजा, पण उपयोगी बोनस. खालच्या जाड तारांवर कोरस गढूळ होतो. वेटमधला बेस कापता आला तर खालचे सूर जागेवर राहतात आणि वरचे तेवढे चमकतात. म्हणूनच बेस गिटारसाठीच्या बॉस सीईबी-३ वर लो फिल्टरचा नॉब दिलेला आहे. एमएक्सआरच्या ॲनालॉग कोरसवर लो आणि हाय असे दोन वेगळे नॉब आहेत. बॅरिटोन किंवा उतरवलेल्या सुरात वाजवत असाल तर ही सोय बोनस राहत नाही, गरज होते.

काही पेडलं आणखी खोल जातात. वॉलरस ऑडिओच्या ज्युलियावर लॅग नावाचा नॉब आहे. तो उशिराचा मधला बिंदूच सरकवतो: खाली घट्ट आणि फ्लँजरच्या जवळचा आवाज, वर सैल आणि अस्वस्थ. त्यावरच ड्रायपासून कोरसमार्गे व्हायब्राटोपर्यंत नेणारा नॉब आहे आणि लहरीचा आकार बदलायचा स्विचही. प्रयोग करणाऱ्याला मेजवानी. पण ज्याला पायाने दाबायचं आणि गायचं आहे, त्याने दोन-तीन नॉबांवर समाधान मानलं तर बरं.

ॲनालॉग की डिजिटल

यावर भांडणं फार होतात, मुद्दा छोटा आहे.

ॲनालॉग कोरसमध्ये उशीर करण्याचं काम बकेट ब्रिगेड जातीची चिप करते. १९६९ मध्ये फिलिप्सच्या संशोधकांनी हा प्रकार शोधला. सिग्नलचा नमुना एका कपॅसिटरमधून पुढच्यात, तिथून पुढच्यात असा ढकलला जातो. सीई-२ मधल्या एमएन३००७ चिपमध्ये असे १०२४ टप्पे आहेत. ढकलण्याचा ठेका देणारं चिपचं घड्याळ १०० किलोहर्ट्झवर असेल तर उशीर होतो ५.१२ मिलिसेकंद. उशीर वाढवायचा तर घड्याळ हळू करावं लागतं. घड्याळ हळू केलं की वरच्या फ्रीक्वेन्सी नीट पार होत नाहीत, म्हणून फिल्टर लावून त्या आधीच कापतात. तो «उबदार» आवाज मुख्यतः इथून येतो. जादू नाही, कापलेला ट्रेबल आहे. आणि तो छान लागतो, कारण चमकदार ड्रायच्या मागे मऊ वेट कानाला खुपत नाही.

डिजिटल पेडल वेट स्वच्छ ठेवू शकतं, अनेक मोड देऊ शकतं, सेटिंग साठवू शकतं. ट्रेबल न कापता दिलेला वेट काही वेळा काचेसारखा टोचतो, पण टोन नॉब असेल तर तो मऊ करता येतो. चांगल्या डिजिटल पेडलाने ॲनालॉगचा आवाज इतका जवळून दिलेला असतो की बँडमध्ये फरक ओळखणं कठीण. ज्याला एकच आवाज हवा आहे त्याने ॲनालॉग घ्यावं, ज्याला एका रात्रीत चार वेगवेगळे कोरस लागतात त्याने डिजिटल. खोक्यावरचा «ॲनालॉग» हा शब्द वाचून मात्र काहीच ठरवू नये.

स्टिरिओतला सापळा

दोन आउटपुट असलेली सगळी पेडलं एकाच पद्धतीने काम करत नाहीत, आणि हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

एका प्रकारात जेसी-१२० सारखं एका बाजूला ड्राय, दुसऱ्या बाजूला वेट. दुसऱ्या प्रकारात दोन्ही बाजूंना ड्राय आणि वेट एकत्र असतात, पण एका बाजूचा वेट उलटा केलेला. दोन अँपांवर हा प्रकार फार रुंद, भव्य ऐकू येतो. आता समजा ध्वनियोजना सांभाळणाऱ्याने तुमच्या दोन्ही वाहिन्या मधोमध ठेवून मोनो केल्या. एका बाजूला ड्राय अधिक वेट, दुसऱ्या बाजूला ड्राय उणे वेट. बेरीज केली की वेट एकमेकांना खोडून टाकतात आणि उरतो फक्त ड्राय. पेडल चालू, दिवा लागलेला, आणि सभागृहात कोरसचा पत्ता नाही. रंगमंचावर तुमच्या अँपसमोर सगळं ठीक असल्यामुळे तुम्हाला कळतही नाही.

तपासायला सोपं आहे. दोन्ही आउटपुट छोट्या मिक्सरमध्ये किंवा रेकॉर्डिंगच्या इंटरफेसमध्ये घ्या, दोन्हींची पातळी सारखी ठेवा आणि पॅन मधोमध आणा. कोरस टिकला तर उत्तम. गायब झाला तर हे पेडल मोनो कार्यक्रमात एकाच आउटपुटमधून वापरायचं, एवढं लक्षात ठेवा.

स्टिरिओ घेतलं तर कोरसच्या पुढचं सगळंही स्टिरिओ लागतं. मधे एक मोनो डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) आला की रुंदी तिथेच संपते.

प्रत्यक्ष पारख

दुकानात असा किंवा मित्राचं पेडल घरी आणलेलं असो, क्रम हाच ठेवा. गिटार स्वतःची न्या. अँप तुमच्यासारखाच मिळाला तर उत्तम, नाहीतर जो असेल त्यावर रिव्हर्ब पूर्ण बंद. रिव्हर्ब कोरसचे सगळे दोष झाकतो.

१. ट्यूनरने सूर नीट लावा आणि बाराव्या पट्टीवरचा सूरही तपासा. गिटारच बेसूर असेल तर कोरस ते दुप्पट करून दाखवतो आणि दोष पेडलाच्या माथी जातो.

२. पेडल बंद ठेवून वाजवा, मग केबल थेट अँपला लावून तेच वाजवा. बंद पेडलामुळे ट्रेबल गेलाय का? बफर (सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट) असलेलं पेडल लांब केबलवर उलट मदतच करतं, तेव्हा «ट्रू बायपास», म्हणजे बंद असताना सिग्नल सर्किटाला न शिवता थेट पार होणारं, असं लिहिलेलं म्हणजे चांगलं असं धरून चालू नका.

३. चालू करा. डेप्थ शून्य, रेट कमीत कमी, मिक्स मधोमध. काहीच हलत नसताना हे पेडल गिटारला काय करतं ते इथे उघडं पडतं. आवाज नाकात गेला का? पोकळ झाला का? मागे फुसफुस किती आहे? बहुतेक लोक ही पायरी करत नाहीत. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

४. रेट अगदी हळू, डेप्थचा नॉब तबकडीवरच्या नऊच्या दिशेला. जाडी ई तार मोकळी छेडा आणि विझेपर्यंत हात लावू नका. सूर विझत जाताना खालून टिक-टिक ऐकू येते का बघा. एलएफओची ठोक सिग्नलमध्ये गळत असेल तर ती अशीच सापडते. बारीक शिट्टीसारखा आवाज वर-खाली होत असेल तर ते चिपचं घड्याळ आहे. दोन्ही गोष्टी गाण्याच्या गोंगाटात लपतात, रेकॉर्डिंगमध्ये छळतात.

५. आता बी तारेवर बाराव्या पट्टीवरचा एकच सूर धरून ठेवा आणि डेप्थ हळूहळू वाढवत न्या. सूर टोकाला जाऊन गोलाईने वळतो की धक्का देऊन वळतो? गोलाईने वळला तर लहर बहुधा साइन, टोकाला कोपरा जाणवला तर त्रिकोणी. चूक-बरोबर काही नाही, पण यातलं एक तुमच्या कानाला पटतं आणि दुसरं खटकत राहतं. डेप्थ कुठल्या बिंदूला असह्य होते तेही बघून ठेवा. नॉबच्या पहिल्या एक-तृतीयांशातच असह्य झाली तर वापरायला उरलेली जागा फार थोडी आहे आणि रंगमंचावर नॉबला जरासा धक्का लागला तरी गाणं बिघडेल.

६. पूर्ण मेजर कॉर्ड, मग तीच सुटी-सुटी, मग तळहाताने दाबून. कॉर्डमधला तिसरा सूर (थर्ड, म्हणजे गंधार) सर्वांत आधी बेसूर होतो, कान तिथे ठेवा.

७. तुमचा ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन कोरसच्या आधी लावून चौथी आणि सहावी पायरी परत करा. इथे बरीच पेडलं गळतात.

८. रेट जवळपास पूर्ण वर, डेप्थ जेमतेम. फिरत्या स्पीकरची झाक मिळते का? नको असेल तर ही पायरी सोडा.

९. शेवटी, बास आणि ड्रम असलेला ट्रॅक मोठ्याने लावून त्यावर वाजवा आणि मधेच पेडल बंद करा. कोरस लावल्यावर गिटार ट्रॅकमध्ये मागे सरकते, हे जवळपास ठरलेलं आहे. किती सरकते आणि मिक्स किंवा लेव्हलने ती परत पुढे आणता येते का, हे पाहायचं. पेडल बंद केल्यावर हायसं वाटलं तर ते पेडल परत ठेवून द्या.

साखळीतली जागा आणि वीज

नेहमीची जागा: ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह-डिस्टॉर्शन, मग कोरस, मग डिले, शेवटी रिव्हर्ब. कोरस डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर ड्राय आणि वेट दोन्ही एकत्र चिरडले जातात, आवाज फेजरसारखा खरखरीत होतो. कुणाला तोच हवा असतो. डिस्टॉर्शन अँपचंच वापरत असाल तर कोरस इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायला अँपच्या मागे दिलेल्या जॅकांमध्ये, जातो. तिथे एक अडचण येते. काही अँपांचा लूप लाइन पातळीवर, म्हणजे गिटारपेक्षा बऱ्याच जोरदार सिग्नलवर, चालतो आणि ९ व्होल्टवरचं ॲनालॉग कोरस तेवढा जोरदार सिग्नल पेलू शकत नाही. सूर ओढल्यावर कडेने कर्कश फाटल्यासारखं ऐकू आलं तर लूपची पातळी कमी करायचा स्विच आहे का बघा. लूप समांतर प्रकारचा असेल तर अँपमधून ड्राय आधीच येत असतो. तिथे पेडल व्हायब्राटोवर म्हणजे निव्वळ वेटवर ठेवलं तरी एकूण ऐकू येतो कोरसच.

विजेचं सोपं आहे. आजची बहुतेक पेडलं ९ व्होल्ट डीसी, मधली पिन ऋण, या मापावर चालतात, तरी मागचं चिन्ह वाचल्याशिवाय अडॅप्टर खुपसू नये. ॲनालॉग कोरसला थोडेच मिलिअँपिअर लागतात. डिजिटलला १०० च्या आसपास किंवा जास्तही लागू शकतात, म्हणून सप्लायच्या प्रत्येक आउटपुटची क्षमता पाहून घ्या. एकाच अडॅप्टरवरून डिजिटल पेडल आणि ॲनालॉग कोरस दोन्ही चालवले तर डिजिटलचा गोंगाट कोरसमध्ये शिरू शकतो. वेगळ्या केलेल्या आउटपुटच्या सप्लायने तो बहुतेक वेळा जातो.

वापरलेलं पेडल घेताना

कोरस हा वापरलेला घ्यायला चांगला प्रकार आहे. लोक हौसेने घेतात, कमी वापरतात आणि विकतात. नॉब फिरवताना खरखर आली तर ती पॉटमधली (नॉबखालच्या भागातली) धूळ, स्वच्छ होते. वेट अगदीच नसेल, म्हणजे पेडल चालू करूनही नुसता ड्राय येत असेल, तर मात्र चिप किंवा तिच्या घड्याळाचा मामला असू शकतो. मूळ एमएन३००७ जुनी चिप आहे. तिच्या जागी बसणाऱ्या नव्या चिपा मिळतात, पण दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते.

जुन्या बॉस पेडलांवर, सीई-२ धरून, अडॅप्टरच्या जागी «एसीए» असं लिहिलेलं असतं. ती पेडलं जुन्या, १२ व्होल्टच्या आसपास देणाऱ्या अडॅप्टरसाठी बनवली होती. आजचा ९ व्होल्टचा स्थिर अडॅप्टर एकटाच लावला की आत पोचणारा व्होल्टेज कमी पडतो, दिवा मंद लागतो आणि कोरस अशक्त ऐकू येतो. विकणारा बिचारा ते «थोडं बिघडलंय» म्हणून स्वस्तात द्यायला तयार असतो. अशा वेळी खिशात नवी ९ व्होल्टची बॅटरी असू द्या. बॅटरीवर दिवा झगझगीत लागला आणि आवाज भरला तर पेडल ठणठणीत आहे, फक्त अडॅप्टर बदलायचा. घरी आणल्यावर वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेवा. या पेडलांत इनपुट जॅकच बॅटरीचा स्विच असतो आणि केबल तशीच राहिली तर सकाळपर्यंत बॅटरी उतरते.